मुंगी गाय आन् जावयाचा शब्द

लई लई जुनी गोष्ट हाय. तवा डोंगर अजून रांगत व्हतं आन् नदीला दात फुटायचं व्हतं. पोरांनो, फुडं सरका. आन् म्हाताऱ्यांनो, तुमी ऐकू येत न्हाई असं सोंग करू नगा. ही गोष्ट तुमचीच हाय.

तर येका डोंगराच्या कुशीत येक गाव व्हतं. गावाच्या गाया सामाईक, समद्या येकाच कुरनावर चरायच्या. ह्या गाया दुधाच्या नव्हत्या बरं का. दूध म्हनाल तर वासराच्या पोटापुरतं. पर त्यांचं गोऱ्हं असं निपजायचं, की नांगराला जुपलं तर खडकानं इचारावं, "मालक, बाजूला सरू का?"

पर कुरन तेवढंच आन् गवतबी तेवढंच. म्हनून दर साली पाऊस सरला, की गाया निवडायच्या. जी ठेवायची तिच्या कपाळाला कुंकू. जी काढायची तिच्या कपाळाला राख. राख लागली, की सांजच्याला गाय ओढ्यापल्याड. तिथं खाटीक दोर घेऊन बसलेला असायचा. काम वंगाळच, पर गवत काय मंतर म्हनून वाढत न्हाई.

आता निवडायचं कसं? त्याची रीत वाडवडलांची. आधी वासरू बघायचं, मग गाय. वासरं मोकळी सोडायची. कंचं वासरू कुनाच्या कासंला जातंय, त्याचं पाय कसं हायती, छाती कशी हाय, ते बघायचं, आन् मग आईकडं डोळं वर करायचं.

ह्या गाया राखायची येसाई. म्हातारीच्या तोंडात दात नव्हतं, पर जीभ समदी शाबूत. गावात कुनाची फजिती झाली, की लोक आधी बघायचं, येसाई कुठं हाय.

येसाईचा जीव येका गाईवर. तिचं नाव मुंगी. अंगावर मास नावाला न्हाई, बरगड्या उनात मोजून घ्याव्यात. पर दर साली व्यायची. आन् वासरू? मुंगीचं वासरू म्हंजी ढोलच! गावातली निम्मी औतं मुंगीच्या लेकांनी वढलेली. हे साऱ्या गावाला ठाऊक व्हतं. ध्येनात ठेवा, साऱ्या गावाला ठाऊक व्हतं!

त्या साली पाटलाचा जावई सनाला आला आन् सन सरला तरी जायचं नाव घेईना.

त्या गावाची येक खोड व्हती. जावयाचा शब्द म्हंजी देवाचा कौल. जावई म्हनला मीठ गोड हाय, की गावानं मिटक्या मारायच्या. हसू नगा, तुमच्या घरात काय येगळं हाय व्हय?

येक दिवस जावई ढेकर देऊन म्हनला, "मामंजी, बसून बसून अंग आंबलं. ह्या साली गाया मी निवडनार."

पाटलानं मान डोलावली. "निवडा की, बापू. तुमच्यापरास जास्ती कोन जानतंय?"

झालं! दुसऱ्या दिशी सकाळी गाव मैदानात गोळा झालं. जावईबापू परीटघडीचं धोतर नेसून आलं. रीतीपरमानं वासरं सोडली. त्यातलं येक आलं आन् बापूंच्या धोतराचा सोगा तोंडात घेऊन चघळाय लागलं.

"आरं, आरं, बांधा ह्यांना!" बापू वराडलं. "गाया निवडायच्या का शेंबडी वासरं?"

लगोलग समदी वासरं कोंडवाड्यात कोंडली. वाडवडलांची रीत येका धोतरापायी बुडाली, आन् कुनी चकार शब्द काढला न्हाई.

पयली गाय आली चांदनी. पाटलाची लाडकी. पाठ अशी तुकतुकीत, की जावयानं तिच्यात बघून मिशा सारख्या केल्या.

"वा! ही खरी गाय! कुंकू लावा."

तवा गाया बोलायच्या. चांदनी मान येळावून बाकीच्या गायांना म्हनली, "आमी न्हाई बाई वासराबिसराच्या फंदात पडत. अंगाचा बांधा बिघडतो."

येकामागं येक गाया आल्या. ज्या वांझ व्हत्या त्या गुबगुबीत, त्यांना कुंकू. ज्या पाजून पाजून वाळल्या, त्यांना राख. असं करता करता मुंगी आली.

जावयानं नाक दाबलं. "ह्ये काय? गाय हाय का खुंटीवर टांगलेलं कातडं? गावाचं गवत फुकट घालवलं हिनं. लावा राख!"

येसाई फुडं झाली. "बापू, जरा थांबा. हिचं वासरू तर बघा."

"म्हातारे, तुला इचारलंय का?"

मग येसाई गावाकडं वळली. म्होरंच हैबती हुबा व्हता. त्याच्या घरची बैलजोडी मुंगीचीच. दोनीबी बैल तिच्या पोटचं.

"हैबती, तू सांग की रं! तुझं रान कुनी नांगारलं?"

हैबती खाली मान घालून पायाची बोटं बघाय लागला.

"काय बघतुयास? बोटाला मोत्यं लागल्यात व्हय? आरं, आईचं दूध प्यालेलं बैल तुझ्या दारात हायती, आन् आईच्या कपाळाला राख लागताना तुझी जीभ टाळूला चिकटली?"

"येसाई, जावई हायती," हैबती पुटपुटला. "गावाचा मान..."

"मान घाल चुलीत!" येसाईनं पाटलाकडं बघितलं. "पाटील, तुमाला तर ठाव हाय ना?"

पाटील आभाळाकडं बघत म्हनला, "यंदा थंडी लवकर पडनार दिसतीया."

घ्या! साऱ्यांना ठाऊक, आन् समद्यांचं डोळं कुठं? कुनाचं बोटाकडं, कुनाचं आभाळाकडं. गाईकडं येकाचंबी न्हाई.

मुंगीच्या कपाळाला राख लागली. ती हळू आवाजात म्हनली, "येसाई, माझ्या बरगड्या दिसत्यात का गं?"

"दिसत्यात, बाय."

"त्यांच्यावरचं मास कुठं गेलं, त्ये कुनी इचारलं का?"

येसाईच्या डोळ्यांत पानी आलं. पर येकच थेंब. त्याच्या मागनं जे आलं, त्ये हसू व्हतं. आन् येसाई हसली, की शान्या मानसानं धोतर सांभाळून घ्यावं.

ती जावयाम्होरं गेली आन् कमरेत वाकली. "बापू, चुकली म्हातारी. तुमची नजर म्हंजी नजर! पर येक मागनं हाय. ही राखेची हाडकं खाटकाला देऊन गावाला काय मिळनार? चिमूटभर मीठ. त्यापरीस मला द्या. तुमी दिलं म्हनून साऱ्या मुलखात सांगत सुटते."

जावयाची छाती फुगली. "ने की! हाडकंच ती."

"आन् त्यांच्या मागनं जे येईल ते बी?"

"गोचड्या येतील, दुसरं काय येनार? ने, ने! जे मागनं येईल ते समदं तुझं. ह्यो जावयाचा शब्द हाय!"

"पाटील, ऐकलं ना?" येसाई म्हनली. "मंडळी, समद्यांनी ऐकलं?"

"ऐकलं," गाव म्हनलं. जावयाचा शब्द, न्हाई कोन म्हननार?

येसाईनं राखेच्या गाया डोंगराच्या वाटंला लावल्या. आन् मग ती टुकूटुकू चालत कोंडवाड्याकडं गेली, आन् तिनं आगळ काढली.

काय सांगू तुमाला! सकाळधरनं उपाशी वासरं ती! शेपट्या आभाळात, धूळ गावात. कुंकवाच्या गाया पटांगनात नवरीवानी सजून हुब्या व्हत्या. त्यांच्याकडं येकबी वासरू वळलं न्हाई. चांदनीच्या अंगाला येक चुकून घासलं, तर तिनं लाथ मारली. समदी वासरं हंबरत गेली ती थेट डोंगराच्या वाटंला, राख लागलेल्या आयांच्या मागं.

गावाच्या तोंडचं पानी पळालं. हैबती वराडला, "आरं, धरा! वासरं चालली!"

येसाई वाटंवरनं मागं वळली. "म्या कुनाच्या गळ्यात दोर घातलाय का? तुमच्या सजलेल्या गायांना हाका माराय सांगा. येत्यात का बघा."

समदं गाव पाटलाकडं बघाय लागलं. पाटलानं येक शब्द बोलायचा व्हता, "बापू, चुकलं तुमचं." येवढाच! गाया ऱ्हायल्या असत्या, वासरं ऱ्हायली असती. पाटलानं तोंड उघडलं. जावयाकडं बघितलं. जावई मिशीला पीळ भरत व्हता.

पाटलानं तोंड मिटलं.

आन् येसाई डोंगर वलांडून गेली. पल्याडच्या गावानं तिला मांडव घालून उतरवून घेतलं. मुंगीला तिथं कुंकूबी लागलं आन् पुरनपोळीबी मिळाली.

ह्या गावात काय झालं? कुंकवाच्या गायांनी कुरन साफ केलं. अंगं अशी चमकली, की लोकांनी आरसं टाकून दिलं. पर गोऱ्हं येक निपजलं न्हाई. जुनं बैल थकलं, बसलं, गेलं. हैबतीची जोडीबी गेली.

मग येका साली मिरग तोंडावर आला, आन् नांगर वढाय गावात येक बैल ऱ्हायला न्हाई. पल्याडच्या गावाकडं बैल मागाय जावं, तर येसाईनं निरोप धाडला: "बैल कशापायी? तुमच्याकडं तुकतुकीत गाया हायती की. त्यांच्यात तोंड बघा आन् पोट भरा."

चांदनीला जुपाय गेलं, तर ती आडवी झाली. शेवटाला मानसांनीच जू खांद्यावर घ्यायचं ठरलं. जावई अजून पाटलाच्याच घरी तळ ठोकून व्हता. पाटलानं इचारलं, "पयली जागा कुनाची?"

आन् तवा, पोरांनो, त्या गावाला पयल्यांदा कंठ फुटला. समदी येका आवाजात म्हनली, "जावईबापूंची! त्यांचा मान मोठा!"

बापू म्हनलं, "मला? नांगराला?"

"तुमीच कुंकू लावलंया, बापू," हैबती म्हनला, आन् त्यानं जावयाच्या शेजारी आपलाबी खांदा लावला. लावनार न्हाई तर करतो काय? गप ऱ्हायलेल्याची जागा तिथंच व्हती.

पल्याडच्या डोंगरावर येक म्हातारी आन् येक हडकुळी गाय ह्ये औत बघत बसायची. दोघींच्याबी तोंडात दात नव्हतं. पर हसू? हसू पार खालच्या गावात ऐकू यायचं.

डोळ्यांनी बघितलेलं तोंडानं बोलाय जो भितो, त्याला शेवटाला जू खांद्यावर घ्यावंच लागतं.