टाचेतली कळ

फार मागे, डोंगरांच्या कुशीत एक धुक्याचे राज्य होते. तिथल्या वाटा इतक्या अरुंद की घोडा चालत नसे. म्हणून राजाचे निरोप माणसे धावत नेत. निरोप्याच्या हातात घुंगरांची काठी असे. तिचा आवाज आला की लोक वाट सोडत आणि रानातली जनावरेही सोडत.

लहानथोर हो, त्या राज्यात एक रीत होती. निघण्याआधी निरोप्याने चौकीवरच्या म्हातारीपुढे बसायचे. ती त्याचे पाय कोमट पाण्याने धुई, बोटांच्या बेचक्या कोरड्या करी, नखे सरळ कापी. मग अंगठ्याने तळवा दाबून पाही. निरोप्या कळवळला, तर काठी दुसऱ्याकडे जाई आणि पाय बरा होईपर्यंत त्याने बसून राहायचे.

एक निरोप्या सगळ्यांत वेगवान होता. काठी कायम त्याच्याच हाती असे. एका हिवाळ्यात ओल्या वहाणांनी त्याच्या टाचेला फोड आला. तो जाड कातडीच्या आत होता, वरून दिसत नव्हता. पण पाय टेकला की कळ थेट मस्तकात जाई.

आता बसलो तर काठी कायमची गेली, असे त्याच्या मनाने घेतले. ओट्यावर दुसरा एक तरणा निरोप्या पाय धुऊन तयारच बसला होता.

म्हातारीने टाच दाबली. निरोप्या हसला.

"आजी, अंगठा आहे की मुसळ?"

"दुखतंय का रे?"

"गुदगुल्या होतात."

"मग डोळ्यांत पाणी कशाचं?"

"तुझ्या चुलीच्या धुराचं."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. पण निरोप्याच्या शब्दापुढे तिला जाता येत नसे. तिने काठी दिली.

रानात धुके दाटले होते. पावलागणिक टाचेत सुरी फिरत होती. शेवटी निरोप्या दात खाऊन म्हणाला, "जा ना एकदाची. सोड मला."

आणि कळ गेली.

तो थबकला. पाय कापसासारखा हलका झाला होता. त्याने मागे वळून पाहिले. झऱ्याकाठच्या दगडावर कोणीतरी बसले होते. अंग त्याचेच, वहाणाही त्याच्याच. मान खाली घालून ते आपली टाच धूत होते.

"मी तुझी कळ," ते वर न बघताच म्हणाले. "तू सोड म्हणालास, म्हणून उतरले. तू हो पुढे. मला चालवत नाही."

निरोप्याच्या अंगावर काटा आला. पण पाय दुखत नव्हता. तो धावला, आजवर कधी धावला नव्हता तसा.

गडावर सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. एक पहारेकरी तेवढा फरशीकडे बघून पुटपुटला, "पान खाऊन कोण थुंकलं इथं?" निरोप्याने खाली पाहिले. ते त्याच्या टाचेचे ठसे होते. गडावर पाय पाहणारे कोणी नव्हते. त्याने चिंधी गुंडाळली आणि कोणाला काही सांगितले नाही. परतीचा निरोप सकाळी न्यायचा होता.

दिवेलागणीला त्याच्या खोलीबाहेर पावले वाजली. एक पाऊल नीट पडत होते, दुसरे घसटत येत होते. ती दारापाशी थांबली.

"मला आत घे," बाहेरून कळ म्हणाली. "पाय नासतोय तुझा. मी नाही, म्हणून तुला कळत नाही."

"आत घेतलं तर सकाळी धावता येईल?"

"नाही. बसावं लागेल."

"आणि काठी?"

"दुसरा नेईल. तू पाय घेऊन घरी जाशील."

निरोप्याने कडी लावली. दाराच्या फटीतून बराच वेळ कोणाचातरी श्वास ऐकू येत राहिला. मग पावले घसटत दूर गेली.

सकाळी तो निघाला. अर्धी वाट सरली आणि पाय ओल्या फडक्यासारखा दुमडला. निरोप्या खाली कोसळला. त्याने चिंधी सोडली. टाच काळी पडली होती. बोट लावले, तर ते दुसऱ्याच्या पायाला लावल्यासारखे वाटले.

"ये गं," तो धुक्याकडे बघून म्हणाला. "ये परत. आता नाही हाकलणार."

बऱ्याच वेळाने धुक्यातून आवाज आला, "कुठे येऊ? माझी जागा मेली."

त्याला शोधायला तरणा निरोप्या आला. त्याने एका खांद्यावर त्याला घेतले, दुसऱ्या हातात काठी घेतली. चौकीवर वैद्याने घोट्यापासून पाय कापला. ओरडू नये म्हणून निरोप्याच्या तोंडात कापडाचा बोळा दिला होता. पण तो ओरडलाच नाही. त्याला काहीच जाणवले नाही. तो ढसाढसा रडला, ते याच गोष्टीसाठी.

तात्पर्य : दुखणारा पाय आपल्या भल्याचेच सांगत असतो, त्याला गप्प करणारा शेवटी पायालाच मुकतो.