ठकूआत्याचा अहो

फार म्हणजे फारच वर्षं झाली. किती, ते मला विचारू नका. गावात जितके म्हातारे तितके हिशेब आहेत. खिंडीतून तेव्हा फक्त बैलवाट जात होती, एवढं मात्र सगळे मान्य करतात. त्या खिंडीच्या तोंडाशी करंजखिंड नावाचं आमचं गाव होतं, आजही आहे, आणि गावाच्या शेवटच्या घरात ठकूआत्या राहायची. ती कुणाचीच सख्खी आत्या नव्हती. पण सगळं गाव तिला आत्या म्हणायचं आणि तीही सगळ्या गावाशी आत्यासारखीच बोलायची, म्हणजे तोंडावर आणि मोठ्यानं.

आत्याला मूलबाळ नव्हतं. नवरा होता, तो एका थंडीत तापानं गेला. आता त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, अशी समजूत होती. म्हणून गावातल्या झाडून सगळ्या बायका आपापल्या नवऱ्याला 'अहो' म्हणायच्या, आणि ठकूआत्याही लग्न झाल्यापासून तेच म्हणत आली होती. नवरा गेला, पण जिभेची सवय काही गेली नाही. सकाळी चूल पेटली की ती म्हणायची, "अहो, पाणी तापलंय." दुपारी म्हणायची, "अहो, जेवाया चला." मग तिच्या लक्षात यायचं की घरात ऐकणारं कुणी नाही, आणि ती एकटीच जेवायला बसायची. शेजारणींना ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

पुढं एका वर्षी धनगरांची मेंढरं खिंडीतून खाली उतरली आणि त्यांच्यातलं कुत्र्याचं एक पिल्लू मागं राहिलं. ते आत्याच्या गोवऱ्यांच्या पाटीत जाऊन झोपलं. आत्याला त्याचा पत्ताही नव्हता. दुपारी तिनं भाकरी वाढून घेतली आणि सवयीनं हाक मारली, "अहो, जेवाया चला." पाटी हलली. गोवऱ्या गडगडल्या. शेणाचा भुगा अंगाला लागलेलं, काळ्या तोंडाचं एक पिल्लू बाहेर आलं आणि तिच्यासमोर येऊन बसलं.

आत्यानं त्याला नीट न्याहाळलं. मग तिनं आपल्यातली अर्धी भाकरी ताकात कुस्करून त्याच्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "उशीर केलात."

त्या दिवसापासून त्या पिल्लाचं नाव अहो पडलं, असं म्हणतात.

परतीच्या वाटेवर धनगर पिल्लू मागायला आला. पण आत्याचा चेहरा बघून त्याला मागवेना. त्यानं पिल्लाचा पंजा हातात घेतला आणि म्हणाला, "आत्ये, ह्यो पंजा बघ. ह्याच्या मानानं बाकीचं वाढणार हाय. आज जे लाडानं चालवून घेशील, ते उद्या वासराएवढं हुईल." एवढं बोलून तो निघून गेला.

आत्यानं ते मनावर घेतलं. पिल्लू लाडानं अंगावर उडी मारायचं, लोक हसायचे. आत्या पाठ फिरवायची. चारी पाय जमिनीला टेकले की मगच तिचा हात त्याच्या डोक्यावर फिरायचा. "आज गुडघ्याला लागतंय, म्हणून हसताय," ती म्हणायची, "उद्या गळ्याला लागंल तवा रडत माझ्याकडं येऊ नका." त्याच्या भाकरीत तिखट नाही, मीठ नाही, कांदा तर घराच्या बाहेर. खाऊन झालं की त्याच्या पोटावर हात ठेवून ती बसून राहायची आणि अन्न जिरेपर्यंत त्याला पळू द्यायची नाही. कडक जमिनीवर त्याची कोपरं घासू नयेत म्हणून तिनं गोणपाटात पेंढा भरून त्याला गादी केली. ती स्वतः मात्र घोंगडीवरच झोपायची. यावरून गावात बोलणं झालंच, पण ते आत्याच्या तोंडावर बोलण्याची कुणाची छाती नव्हती.

आणि अहो वाढला. आता पुढचं मी जसं ऐकलं तसं सांगतो, कमीजास्त तुम्ही करून घ्या. तो ओढ्यात अंघोळ करून अंग झाडायचा तेव्हा दोन्ही आळ्यांतली वाळत घातलेली धुणी पुन्हा ओली व्हायची. खळ्यावर त्यानं शेपूट हलवली की वाऱ्याची वाट न बघता धान्य उफणून व्हायचं. त्याच्या सावलीत तीन बायका शेंगा फोडत बसायच्या, असं म्हणतात. मला विचाराल तर दोन धरा. तिसरी उन्हात असेल.

एवढं मोठं जनावर, पण लहान मूल त्याच्या कानाला धरून चालायला शिकायचं आणि तो मान खाली घालून हळूहळू पुढं सरकायचा. कुणाच्या अंगावर म्हणून कधी गेला नाही. त्याच्यात खोट एकच होती, आणि ती त्याची नव्हती. 'अहो' अशी हाक आली की तो जायचा. मग ती कुणीही मारलेली असो.

आता तुम्हीच बघा. दुपार झाली की साऱ्या गावातून "अहो, जेवाया या" अशा हाका उठायच्या. नवरे रानातून यायचे रमतगमत, वाटेत तंबाखू मळत. अहो यायचा धावत. एकदा हैबतराव पाटलांच्या कोंडाईनं अशीच हाक मारली. स्वयंपाकघरात धूर दाटलेला, तिच्या डोळ्यांत पाणी, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. पाटावर कुणीतरी येऊन बसलं. तिनं खाली मान घालून भाकरी वाढली. ती संपली. दुसरी वाढली. तीही संपली. कालवण वाढायला ती वाकली तेवढ्यात दारातून पाटलांचा आवाज आला, "हे कोण बसलंय माझ्या पाटावर?"

कोंडाई पुढं आयुष्यभर सांगायची, "जेवणाला एकदा बी नावं ठेवली न्हाईत, तवाच मला कळाय पाहिजे हुतं."

त्याच दुपारी, पाटलांचं जेवून अहो उठतो न उठतो तोच खालच्या आळीतून हाक आली. तो पळाला. तिथून वरच्या आळीतून हाक आली. तिकडं पळाला. जेवून पळायचं नाही हे त्याला शिकवलेलं होतं, पण हाक आली की जायचं हेही तो शिकला होता, आणि त्या दोन्हींमध्ये तो बिचारा सापडला. संध्याकाळी त्याचं पोट ढोलासारखं फुगलं. आत्या त्याला धरून अंगणात हळूहळू फिरवत राहिली, पोट चोळत राहिली आणि मिळतील तेवढ्या देवांना आठवत राहिली. दिवस मावळताना अहोनं असा ढेकर दिला की देवळातली घंटा वाजली, असं म्हणतात. तो वाचला. पण आत्या रात्रभर त्याच्या पोटावर हात ठेवून जागी राहिली.

दुसऱ्या दिवशी पारावर गाव जमलं. हैबतराव तावात होते. "आत्ये, कुत्रं गुणी हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण बाप्याला घरात मान राहिला न्हाई. एक तर त्याचं नाव बदल, न्हाईतर त्याला घाटाखाली नेऊन सोडू."

आत्यानं तिथंच सगळ्यांदेखत नावं बदलून बघितली. मोत्या म्हटलं. वाघ्या म्हटलं. अहोनं मागं वळून बघितलं, मोत्या कुठं आहे म्हणून. लोक हसले. आत्या हसली नाही. ती पाराच्या कडेला टेकली आणि तिनं त्याच्या मानेत हात घातला. त्याला नेलं तर उद्या दुपारी ती भाकरी वाढून घेणार, हाक मारणार आणि पुन्हा एकटीच जेवायला बसणार, हे समोरच्या प्रत्येक शेजारणीला दिसत होतं.

तेव्हा बायकांतून कोंडाई पुढं आली. पदर सारखा करून म्हणाली, "त्या मुक्या जनावराला एकच शब्द येतो. आम्हांला रगड येत्यात. त्याचा त्याच्यापाशी राहू द्या, आमचा आम्ही बदलतो."

"आन् मग आम्हांला काय म्हणणार?" पाटलांनी विचारलं.

कोंडाई त्यांच्याकडं वळली आणि म्हणाली, "हैबतराव, घरला चला. भाकरी निवतीया."

पारावरच्या पिंपळाचं पानसुद्धा हललं नाही, असं म्हणतात. सगळे पाटलांकडं बघत होते, आयुष्य कमी होतंय का ते. पाटलांना काही झालं नाही. ते फक्त कानापर्यंत लाल झाले, उठले आणि बायकोच्या मागून मुकाट्यानं घरी चालू लागले. अहो जागचा हलला नाही. निकाल लागला.

मग काय, गावात नुसता नावांचा सुकाळ झाला. खालच्या आळीतल्या रखमाच्या नवऱ्याचं नाव लिंबाजी होतं, म्हणून ती बिचारी लिंबालासुद्धा 'ते आंबट' म्हणायची. तिनं आता दोघांचंही नाव घेतलं आणि त्या आनंदात आमटीत, भाजीत, ताकात, मिळेल तिथं लिंबू पिळलं. एका म्हातारीनं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि ती थांबली. इतक्या वर्षांत ते विसरूनच गेली होती. तिनं नवऱ्यालाच विचारलं. आणि गंमत अशी की बाहेरगावच्या लोकांना वाटलं तसा एकही नवरा नाव घेतल्यानं मेला नाही. उलट हाक मारल्याबरोबर वेळेवर जेवायला येऊ लागल्यानं त्यांच्या तब्येती सुधारल्या.

एकट्या ठकूआत्यानं मात्र नाव घेतलं नाही. "आता घेऊन ओ कोण देणार?" ती म्हणाली. म्हणून तिच्या नवऱ्याचं नाव काय होतं, हे आज गावात कुणालाच सांगता येत नाही.

अशी वर्षं गेली. थोराड जातीचं कुत्रं लवकर म्हातारं होतं, हे फार वाईट आहे, पण तसंच आहे. अहोच्या तोंडावर पांढरं आलं आणि त्याचे मागचे पाय भार घेईनात. आत्या सकाळी तिळाचं तेल कोमट करून त्याच्या कमरेला चोळायची, पोटाखालून जुनं लुगडं घालून त्याची दोन टोकं वर धरायची आणि त्याला अंगणात चालवायची. कोण कुणाला चालवतंय हे लांबून कळत नसे.

एका आषाढात आत्याला ताप आला आणि तिचा आवाज पार बसला. भातलावणीआधीची चिखलणी चालू होती, पुरुष सगळे लांबच्या खाचरांत होते. धुकं असं की हाताला हात दिसेना. आत्याचा डोळा लागला असताना अहो पाणी प्यायला म्हणून पाय ओढत ओढ्याच्या घळीकडं उतरला आणि परत आलाच नाही. आत्या उठून धडपडत पारापर्यंत आली. तिचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. कोंडाईनं तिच्या ओठांकडं बघितलं आणि तिला कळलं.

बायका लुगडी खोचून टेकाडावर गेल्या. तिथं गेल्यावर मात्र अडखळल्या. शब्द देऊन टाकलेला होता. तो परत तोंडात घ्यावा की नाही, हे कुणाला कळेना. कोंडाई म्हणाली, "त्याच्याचसाठी मारायची हाय. मारा." आणि साऱ्या गावच्या बायकांनी एकदमच हाक मारली, "अहो!"

त्या हाकेनं धुकं मधोमध फाटलं, असं म्हणतात. खाली घळीतून एक जाडा, दमलेला आवाज आला, "भू." अहो सापडला. तो कपारीत बसला होता. हाकेबरोबर पुढचे पाय टेकून उठायला बघत होता, पण मागचे पाय साथ देत नव्हते.

आणि तेवढ्यात धपधप पावलं वाजू लागली. खाचरांतून, बांधांवरून, चिखलानं माखलेले हात घेऊन, गावातला एकूण एक नवरा धावत येत होता. इतक्या वर्षांत ती हाक त्यांनी बायकोच्या तोंडून ऐकली नव्हती, आणि ऐकल्यावर त्यांना राहवलं नाही. पलीकडच्या गावचेही दोन नवरे आले, असं म्हणतात. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सगळ्यांत पुढं हैबतराव होते, एका पायात वहाण, एक पाय अनवाणी. धापा टाकत म्हणाले, "काय झालं?"

"तुम्हांला न्हाई, त्याला हाक मारलीया," कोंडाई म्हणाली. मग त्यांच्याकडं नीट बघून म्हणाली, "पर आलाच हायसा, तर उतरा खाली."

पुरुष घळीत उतरले. दोन घोंगड्या एकावर एक अंथरून त्यांनी अहोला त्यांवर घेतलं आणि सगळ्या बाजूंनी धरून वर आणलं. ज्यांनी त्याला घाटाखाली नेऊन सोडायचं म्हटलं होतं, त्या पाटलांनी सगळ्यांत जड बाजू धरली. वाटेत अहोनं त्यांचा कान चाटला. पाटील म्हणाले, "असू दे, असू दे," आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

त्यानंतर अहो दसऱ्यापर्यंत जगला. एका दुपारी त्यानं ताकभाकरी खाल्ली आणि आत्या त्याच्या पोटावर हात ठेवून बसली. तिच्या हाताखालीच त्याचा श्वास हळूहळू थांबला. गावानं त्याला टेकाडावर पुरलं. कोंडाईनं आत्याला विचारलं, "आत्ये, त्या वक्ताला दुसरं नाव घट्ट धरून शिकवलं असतंस तर एवढं रामायण झालं नसतं. का न्हाई शिकवलंस?" आत्या म्हणाली, "कोंडे, किती हाका मारल्या मी त्या रिकाम्या घरात. एकदा कुणीतरी ओ दिली. ती हाक कशी बदलू गं?"

आजही करंजखिंडीत बायका नवऱ्याला नावानंच हाक मारतात. नव्या सुनेला पहिल्या दिवशी तेच सांगतात, आणि बाहेरच्या पाहुण्यांना ते जरा चमत्कारिक वाटतं. दुपारी जेवण झाल्यावर कुणी घाईनं उठू लागला की घरातलं माणूस त्याच्या पोटावर हात ठेवून त्याला खाली बसवतं. आणि आषाढात, धुकं टेकाडावर उतरलं की सगळ्या बायका वर जातात आणि वर्षातून एकदाच, एकदमच 'अहो' म्हणून हाक मारतात. नवऱ्यांनी असतील तिथून धावत यायचं, अशी रीत आहे. जो शेवटी पोचतो त्यानं गावातल्या कुत्र्यांच्या गोचड्या काढायच्या, म्हणून चांगले पोट सुटलेले लोकसुद्धा त्या दिवशी जिवाच्या आकांतानं पळतात.

टेकाडावर विधवा बायकाही जातात. त्याही हाक मारतात. त्यांचं कुणी येणार नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नवऱ्यांच्या पायांतून वाट काढत गावातली कुत्री वर येतात, आणि कुणी न सांगता नेमकी त्यांच्याचपुढं जाऊन बसतात. मग त्या पदराखालची ताकभाकरी काढतात आणि म्हणतात, "उशीर केलात."