पिंजऱ्यातली कॉफी

"पण हे खरी हाय, कशावरून?"

बाबांनी कॉफीची पुडी हातातसुद्धा घेतली नाही. धुनीपाशी बसल्या बसल्याच विचारलं.

श्रीरंग पातुरकरांनी पुडीवरचा शिक्का दाखवला. शिक्क्याखालचं उदमांजराचं चित्र दाखवलं. बाबांनी चित्राकडे कौतुकाने पाहिलं.

"मांजर छान काढलं..."

एवढंच बोलून ते धुनीत काटक्या सारायला लागले.

मेळघाटातल्या त्या टेकडीवर दिवसातला अर्धा वेळ धुई असायची. झोपडी, झाडं, माणसं त्या धुईतून उगवायची आणि तिच्यातच विरून जायची. म्हणून या म्हाताऱ्याला खालच्या गावची माणसं धुईबाबा म्हणत. झोपडीभोवती कॉफीची झुडपं होती. कधीकाळी कोणीतरी लावलेली, पुढे रानात मिसळून गेलेली.

श्रीरंगरावांचं अमरावतीत कॉफीचं दुकान होतं. भाजणीच्या नुसत्या वासावरून बी कुठल्या डोंगरातली ते सांगत. कॉफीच्या बाबतीत हा माणूस नाकाने कांदे सोलणारा. पण गुरूंच्या बाबतीत त्या नाकाने दर वेळी दगा दिला होता. एका महाराजांचा अंगारा बाहीतून यायचा. दुसऱ्यांचं मौन दार लावलं की फोनवर सुटायचं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तसे ते इथे राहायला आले होते आणि झोपडीच्या कुडाला पडलेल्या फटीतून बाबांवर नजर ठेवत होते. बाबा एकटे असताना काय खातात, काय पुटपुटतात, सगळं पाहत होते.

या वेळी फसलो तर पुन्हा कोणाच्या पायाशी बसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि तशी वेळ येईल याची त्यांना मनातून फार भीती वाटत होती.

अनुग्रह मागितला तेव्हा बाबा म्हणाले होते, आधी उदमांजराची कॉफी पाज. खरी.

श्रीरंगराव मनात हसले होते. उदमांजर कॉफीची पिकली फळं खातं, गर पचवतं आणि बिया तशाच बाहेर टाकतं. त्या धुऊन, भाजून केलेली कॉफी जगात मोलाची. म्हणूनच तिच्या नावाखाली वाटेल ते खपतं. पण आपल्याला कोण फसवणार?

शिक्क्याची पुडी फोडली तर साध्याच बियांना वासाचं तेल चोळलेलं होतं. ती त्यांनी स्वतःच धुनीत टाकली. मग दक्षिणेतल्या एका मळेवाल्याकडून बियांचे वाळलेले गोळे आणवले, जसे पडले तसेच. आता तरी शंका नको.

"खरी कशावरून?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"मळेवाला भला माणूस आहे. तो म्हणतो."

"तू पाह्यलं?"

श्रीरंगरावांनी गोळे परत बांधले. पाहिलं तर नव्हतं...

हातच्या काकणाला आरसा कशाला? त्यांनी रानातल्या एका माणसाला गळ घालून जिवंत उदमांजर धरवून आणलं. पिंजरा झोपडीपाशी ठेवला. हाताला लागतील ती फळं ओरबाडून आत टाकली. जनावराने आधी तोंड लावलं नाही. शेवटी भुकेने खाल्लं, आणि श्रीरंगराव डोळ्यांची पापणी न लववता पाहत बसले. बिया स्वतः गोळा केल्या, धुतल्या, वाळवल्या, कुटल्या, धुनीवर भाजल्या.

तिन्हीसांजेला पेला बाबांपुढे ठेवून ते म्हणाले, "आता विचारा, बाबा."

बाबांनी पेला उचलून नाकाशी नेला. मग पिंजऱ्यातली ताजी फळं ओंजळीत घेतली. अर्धी हिरवी, काही सडकी. ती श्रीरंगरावांपुढे धरली.

"खा."

"ही? बाबा, ही कोण खाईल..."

बाबा उठले आणि त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं.

जनावर बाहेर येईना. दार उघडं असूनही ते आतल्या आत त्याच फेऱ्या घालत राहिलं. श्रीरंगरावांना का कोण जाणे, कुडाची ती फट आठवली आणि त्यांनी मान खाली घातली. पुन्हा वर पाहिलं तेव्हा पिंजरा रिकामा होता. धुई जराशी हलली होती, इतकंच.

"तोच तर पुरावा होता, बाबा."

"हो ना..." बाबा म्हणाले, आणि पेला झुडपाच्या बुडाशी ओतून आले.

सकाळी श्रीरंगराव खराटा घेऊन खडकापाशी गेले. झोपडीमागच्या त्या सपाट खडकावर ते जपाला बसत. बसण्याआधी जागा झाडायचा त्यांचा नेम होता. रोज तिथे कसली तरी घाण पडलेली असे. नाकाला उपरणं लावून ती दरीत ढकलायची, मग आसन घालायचं.

आजही पडली होती. खराटा टेकला आणि तिथेच थांबला.

घाणीत बिया होत्या. एकसारख्या, टपोऱ्या.

खडकावर वाकलेल्या झुडपाकडे त्यांनी पाहिलं. लालबुंद तेवढी फळं गेली होती. जी अजून तयार नव्हती ती देठाला तशीच होती, एकालाही धक्का नव्हता.

श्रीरंगराव ओल्या खडकावर मटकन बसले. रोज आपण काय ढकलत होतो ते कळलं आणि त्यांना रडू आलं. अमरावतीत कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं. इथे धुईशिवाय कोणी नव्हतं.

खराटा काखेत मारून, बिया ओंजळीत घेऊन ते धुनीपाशी आले. बाबांसमोर ओंजळ धरली. पण जित्याची खोड... तोंडातून निघूनच गेलं.

"पण बाबा, ही तरी खरी कशावरून? कोणी पाहिलं नाही."

"म्हनून."

धुनीत काटकी तडकली. झोपडीच्या कुडाला मातीचा ताजा लिंपा दिसत होता. पहाटे श्रीरंगरावांनी स्वतःच ती फट बुजवली होती.

"बाबा... मी जाऊ, की राहू?"

बाबांनी त्यांच्या काखेतला खराटा काढून घेतला आणि झोपडीच्या वळचणीला खोचला.

"उद्यापासून तो खडक झाडू नको."