सेनापतीने पाडलेली नाणी

फार पूर्वीची, रोमच्या साम्राज्यातली गोष्ट. उत्तरेच्या सीमेवर, एका मोठ्या नदीकाठी सैन्याची छावणी होती. तिचा सेनापती मोठा हिमतीचा.

एकदा राजधानीहून पगाराच्या पेट्या आल्या. नाण्यांवर एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला ‘सैन्याची निष्ठा’ अशी अक्षरं. शिपायांनी नाणी दगडावर घासली, तर वर चांदीचा मुलामा आणि आत निव्वळ तांबं! छावणी खवळली.

सेनापतीचा नायब तंबूत आला. “सरदार, या सम्राटाची चाकरी कशाला? छावणीत टांकसाळ आहे. तुमच्या चेहऱ्याची नाणी पाडू. सैन्य तुम्हालाच सम्राट म्हणेल!”

त्याने मेणाचा नमुना पुढे केला. डोक्यावर पानांचा मुकुट घातलेला सेनापती त्यात भलताच रुबाबदार दिसत होता. सेनापतीला तो आवडला, खोटं कशाला बोला? उजेडात धरून त्याने तो पुन्हा पाहिला. मग विचारलं, “आणि चांदी कुठून आणायची?”

“चांदी कशाला? तांबं आहे की! चेहरा नवा दिसला की लोक आत बघत नाहीत.”

“आज बघितलंच ना?” सेनापती म्हणाला आणि त्याने मेण मुठीत चुरगाळलं.

त्याने आपली चांदीची ताटं, पेले, घोड्याचा साज, लढायांत मिळालेली पदकंसुद्धा भट्टीत घातली. ठसे कोरणाऱ्याला सांगितलं, “सम्राटाचा चेहरा राहू दे. मागे आपल्या पलटणीच्या निशाणावरचा गरुड कोर. निष्ठा हा शब्द मात्र नको. ती मागून मिळत नाही.”

मग तो शिपायांपुढे उभा राहिला. “गड्यांनो, पगार निम्माच हाती पडेल. पण पडेल ती खरी चांदी असेल. उरलेल्यासाठी राजधानीशी मी भांडेन.”

शिपाई कुरकुरले. पण बाजारातल्या वाण्यांनी ती नाणी हसत घेतली, तेव्हा कुरकुर थांबली.

नदीच्या वरच्या अंगाला दुसरी छावणी होती. तिथल्या सेनापतीने मात्र स्वतःच्या चेहऱ्याची तांब्याची नाणी वाटली आणि स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं. हिवाळ्यात नदी गोठली, बर्फावरून शत्रू चालून आला. “तुझ्या तांब्यासाठी कोण मरणार?” म्हणत त्याचे शिपाई पांगले. नवा सम्राट एकटाच शत्रूच्या हाती सापडला.

इकडे आपल्या सेनापतीने तलवार उपसली आणि मागे वळून पाहिलं. रांगेत एकही जागा रिकामी नव्हती. काठावर ढालींची भिंत उभी राहिली आणि शत्रू आला तसा माघारी गेला.

तात्पर्य काय, तर नाण्यावर कुणाचाही चेहरा कोरता येतो. माणसांचा विश्वास मात्र पदरचं घातल्याशिवाय कमावता येत नाही.