पाणमांजरीचा निळा दगड

मुलांनो, तांबड्या डोंगराच्या पायथ्याशी एक नदी वाहत होती आणि तिच्या काठी एक पाणमांजरी आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. दर पावसाळ्यात तिच्या बिळात पाणी शिरे आणि बिचारी पिल्लांना तोंडात धरून रात्र रात्र काठावर बसे. एकदा डोंगराची दरड कोसळली आणि ओढ्याच्या पाण्याबरोबर एक दगड वाहत आला. केवढा निळा! आकारमानाने लहान, पण हातात घेतला तर चांगलाच जड, आणि एका अंगाला शेवाळासारखी हिरवी झाक. पाणमांजरी त्याच्यावर जीव टाकू लागली. पाण्यावर उताणी तरंगताना ती त्याला पोटावर घेई आणि पिल्लांना म्हणे, "बघा रे, आपल्या घरी आभाळ आलंय!"

कावळा म्हणाला, "काच आहे ती. दे फेकून." पण कोल्ह्याचे डोळे चमकले. "ताई, हा तर नीलम! वाघीण राणीला नीलमाचं भारी वेड. हा दिलास तर ती तुला कड्याखालची कोरडी गुहा देईल. मात्र तो हिरवा डाग आधी खरवडून काढ हो, नाहीतर खोटा वाटेल." कोरडी गुहा! पाणमांजरी लगेच खरवडायला बसली. हिरवी भुकटी पडू लागली तसे तिचे काळीज हलले, पण पिल्लांकडे बघून तिने दात आवळले.

तेवढ्यात डोंगरात बिळे खणण्यात जन्म घालवलेली काटेरी अंगाची म्हातारी साळू तिथून चालली होती. "अगं, थांब थांब! काय करतेस हे?" असे म्हणत तिने दगड एका पांढऱ्या गारगोटीवर हलकेच घासला. गारगोटीवर निळी रेघ उमटली. "हे बघ. नीलम असता तर गारगोटीला ओरखडा पडला असता. इथे तर ह्याचीच भुकटी झाली. काचेचीही अशी निळी रेघ उठत नाही. हा तांब्याचा दगड, बाई. आणि तो हिरवा डाग म्हणजे मळ नव्हे, त्याचा सख्खा भाऊ. दोघं तांब्याच्याच पोटचे."

पाणमांजरीचा चेहरा उतरला. "म्हणजे मावशी, ह्याला मोल नाही?"

"नाही कसं? एवढा गर्द निळा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. पण मोराला हंस म्हणून दाखवायला नेलंस, तर तो खोटाच ठरेल. मोर म्हणूनच ने."

दुसऱ्या दिवशी पाणमांजरी दगड घेऊन वाघिणीपुढे उभी राहिली. कोल्हा मागून कुजबुजत होता, "नीलम म्हण, नीलम!" तिने एकदा डोळे मिटले आणि ती म्हणाली, "राणीसाहेब, हा नीलम नव्हे. तांब्याचा दगड आहे. मऊ आहे, लवकर झिजतो. पण असा दुसरा ह्या डोंगरात कुणी पाहिलेला नाही." वाघिणीने नखाचे टोक दगडाला लावले. बारीकशी रेघ उठली. कोल्ह्याने हळूच शेपूट आवरली. वाघीण कितीतरी वेळ त्या निळ्या रंगाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नीलम म्हणाली असतीस, तर ह्या नखाने दगडही खोटा ठरला असता आणि तूही. गुहा तुझी. दगडही तिथेच राहू दे. इथे दहाजण हाताळतील आणि तो झिजून जाईल. मला वाटेल तेव्हा मी येऊन बघून जाईन."

पाणमांजरीला हसू आणि रडू एकदमच आले. पिल्लांना पोटाशी घेत ती म्हणाली, "अवश्य या, राणीसाहेब. फक्त येताना जेवून या!"

तात्पर्य : वस्तू असो वा माणूस, त्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखावे, उसन्या नावाने मोल वाढत नाही, असलेलेही जाते.