न करकरणारे चाक

एकदा एका शिष्याला आपल्या गाडीचे ब्रेक आपणच बदलावेत अशी हौस आली. वडिलांचा गुडघा फार दुखत होता. दुसऱ्या दिवशी त्यांना घाट उतरून डॉक्टरांकडे न्यायचे होते, आणि नेमके पुढचे डावे चाक ब्रेक दाबला की करकरत होते. त्याने गाडी जॅकवर चढवली, डावीकडचे झिजलेले ब्रेक पॅड काढून नवे बसवले. करकर थांबली. स्वारी भलतीच खूश झाली आणि शाबासकी घ्यायला थेट गुरुजींच्या दारी गेली. गुरुजी म्हणजे त्याला यंत्रविद्या शिकवणारे वृद्ध गृहस्थ. शब्द मोजके, शाबासकी त्याहून मोजकी.

गुरुजींनी गाडी मोकळ्या मैदानात न्यायला लावली आणि स्वतः शेजारी बसले.

"दाब ब्रेक."

शिष्याने दाबला. गाडी सरळ थांबायचे सोडून डावीकडे ओढली गेली. गुरुजी उतरले, उजवे चाक उघडले आणि तिथले पॅड काढून चक्क भंगारात टाकले. शिष्य चक्रावला. असे का करावे कुणी?

"गुरुजी, त्यात अजून जीव होता! या बाजूची कधी तक्रारच नव्हती."

"तक्रार नव्हती, खरं आहे," गुरुजी म्हणाले. "पण डाव्याने जेवढे घाट उतरले, तेवढेच उजव्यानेही उतरले ना? जे ओरडलं, त्याचं तू केलंस. जे मुकाट झिजलं, ते धडधाकट आहे असं धरून चाललास. आता एक घट्ट धरतं, दुसरं सोडतं. घाटाच्या वळणावर हे झालं असतं, तर वडिलांसकट दरीत गेला असतास. ब्रेक जोडीनेच बदलायचे असतात, बाबा."

शिष्याने उजवीकडेही नवे पॅड बसवले, पेडल कडक लागेपर्यंत दाबून पाहिले आणि पुन्हा मैदानात गाडी थांबवली. ती सरळ उभी राहिली.

घरी आला तेव्हा वडील खाटेवर कण्हत होते आणि आई त्यांच्यासाठी तेल गरम करायला उठत होती. भिंतीचा आधार घेऊन, ओठ मिटून. हे तो रोज पाहत होता, तरी आजच त्याला दिसले.

"आई, उद्या तूही चल डॉक्टरांकडे."

"मला काय धाड भरलीय? यांचं बघ आधी."

"गुडघा कधीपासून दुखतोय तुझा?"

आई तेलाची वाटी हातात घेऊन हळूच म्हणाली, "झाली असतील चार-पाच वर्षं."