ग्राफिक्स कार्डाची पालखी

"कार्ड डब्यात मावलं पाहिजे, डबा सिंहासनाशेजारच्या देवळीत मावला पाहिजे आणि खेळताना तापून बंद पडता कामा नये. आठ दिवसांत जमलं नाही, तर पालखीखाना आणि त्यामागची भोयांची घरं पाडून तिथं संगणकघर बांधा."

कळंबगडच्या राजा रणधवलानं हुकूम सोडला आणि पुन्हा पडद्याकडं तोंड केलं. संगणकावरच्या लढाईत त्याचा मेहुणा त्याला रोज धूळ चारत होता. म्हणून राजानं दीड वीत लांब, चार बोटं जाड, विटेसारखं जड ग्राफिक्स कार्ड मागवलं होतं. त्यानं चित्रं झरझर पळतात म्हणे. खेळणारे हात राजाचेच राहणार होते, पण हे त्याला सांगणार कोण?

देवळी खोल होती, उंच होती, पण रुंदीला जेमतेम वीतभर. कारागीर संगणकाचे डबे घेऊन आले. मोठा डबा देवळीत शिरेना, लहान डब्यात कार्ड शिरेना. एकानं कोंबून कोंबून दोन्ही जमवलं, तर डबा इतका तापला, की लढाई ऐन रंगात आली असताना पडदा काळा झाला.

तेव्हा भोयांच्या अकरा घरांतली गिरजा भोईण दरबारात येऊन उभी राहिली.

"महाराज, डबा मी करते."

दिवाण सदोबा फिस्सकन हसले. "तू? तुला संगणकातलं काय कळतं गं?"

"काही नाही. ओझ्यातलं कळतं. काय वाहायचंय ते दाखवा."

दाखवलं. सगळ्या डब्यांत संगणकाची मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, कडेला उभी आणि कार्ड तिच्यातून आडवं बाहेर आलेलं.

"असा कोपर काढून कुणी बोळात शिरतं का?" गिरजा म्हणाली. संगणकवाल्याकडून तिनं एक चपटी, वळणारी वायर मागून घेतली आणि गेली.

आठव्या दिवशी तिनं जे आणलं, त्यात सळ्यांची चौकट होती आणि मधोमध एक पत्रा. पत्र्याच्या एका अंगाला पाटी, दुसऱ्या अंगाला कार्ड, पाठीला पाठ लावून, कावडीच्या ओझ्यासारखं तोललेलं. दोघांना जोडायला ती चपटी वायर. गिरजानं चौकट देवळीत सरकवली. बोटभर जागा उरली.

राजाच्या भुवया चढल्या. "हा डबा? भिंती कुठायत? झाकण कुठाय? मी डब्यात म्हणालो होतो. हे तर उघड्यावर पडलंय."

"गवंडी बोलावू, महाराज?" दिवाणांना भारी घाई.

"बोलवा की," गिरजा म्हणाली. "पण त्याआधी महाराजांनी घटकाभर अंगणात यावं."

अंगणात वैशाखाचं ऊन रणरणत होतं. भोयांनी राणीसाहेबांचा मेणा आणून ठेवला होता. चारी बाजूंनी बंद, वर लाकडी छत.

"बसा, महाराज. याला भिंती आहेत, झाकणही आहे. आपल्या मनासारखा डबा."

राजा ऐटीत आत बसला. गिरजानं दारं लावली. थोड्याच वेळात आतून बुक्के बसू लागले.

"उघड."

"इतक्यात? आणि नुसतेच बसलात ना? कार्डाला तर आत लढाई करायची असते."

"गिरजे, उघड म्हणतो ना!"

राजा घामानं निथळत बाहेर आला. शेजारीच त्याची पालखी होती. कुणी न सांगता तो तिच्यात जाऊन टेकला, वारा लागला तसा जिवात जीव आला.

गिरजानं विचारलं, "महाराज आता कुठं बसलेत?"

"पालखीत. दिसत नाही का तुला?"

"दिसतंय की. चार खांब, एक दांडा, भिंत एकही नाही. तरी महाराज पालखीतच बसलेत, उघड्यावर पडले असं कुणी म्हणणार नाही. मग ते बिचारं कार्डच तेवढं उघड्यावर कसं?"

राजानं पालखीच्या खांबांकडं पाहिलं, मग दिवाणांकडं, आणि असा गदागदा हसला, की पालखी करकरायला लागली.

हातातलं सोन्याचं कडं त्यानं गिरजाला दिलं. पालखीखाना आणि अकराही घरं भोयांच्या नावावर करून दिली. दिवाण सदोबांना त्याच दुपारी घरी पोचवलं. मेण्यातून, दारं लावून.